यंदा पलंग माझा

आमच्या घरात कोणी काही मागत नाही. मागणं म्हणजे हलकेपणा, असं माझ्या सासऱ्यांनी कधीतरी ठरवलं. सासरे गेले, ठरवलेलं राहिलं. आपल्याला जे हवं ते दुसऱ्याला देऊ करायचं, त्याने नको म्हणायचं, आपण आग्रह करायचा, त्याने उलटा आग्रह करायचा, आणि जो आधी दमेल त्याच्या गळ्यात ती वस्तू पडते. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की तो "तू घे, तू घे" करत टेबलभर हिंडतो आणि दुसऱ्या दिवशी मांजराच्या पोटात जातो. आमचं मांजर चांगलंच गुबगुबीत आहे. एका सुट्टीत आम्ही सगळे भाड्याच्या गाडीत कोंबून बसलो आणि लांबचं एक तळं बघून आलो. तिथे वारा असा की तोंड उघडायची सोय नाही. परत येताना कळलं की तळं बघायचं कोणालाच नव्हतं. मुलाला वाटलं आत्याला बघायचंय, आत्याला वाटलं जावयांना बघायचंय, आणि जावयांना वाटलं की या तळ्याशी आमच्या घराण्याचं काहीतरी नातं असावं.

"मला काहीही चालतं." आमच्या घरातलं हे सगळ्यात घातक वाक्य. जो हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात हळू आवाजात म्हणतो, शेवटी त्याचंच चालतं.

मी गादीवाली. खाली दुकान, वर घर. नवरा गेल्यापासून दुकान माझ्याच अंगावर आहे. कापूस पिंजायचा, खोळीत सारखा पसरायचा, काठीने झोडून बसवायचा, मग दाभण घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत टाके घालत जायचं. सगळं काम वाकून. वर्षाअखेरीला सगळा बाजार बंद असतो तेवढेच दिवस माझंही शटर खाली असतं. तेव्हाच मुलं येतात, वन्सं येतात, घर भरतं. आणि तेव्हाच माझा पलंग जातो.

झोपायच्या जागा मोजक्याच. आतल्या खोलीत माझा पलंग, शेजारच्या लहान खोलीत दुसरा, हॉलमध्ये ओढला की लांब होणारा सोफा, आणि स्वयंपाकघराची फरशी. नातवंडांचा प्रश्न नाही, ती जिथे खेळता खेळता पडतात तिथेच झोपतात. मोठ्यांचं मात्र वर्षानुवर्षं ठरलेलं. माझा पलंग वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला. लहान खोली मुलगी आणि जावई यांना. सोफा मुलगा आणि सुनेला. फरशी मला. हे कोणी ठरवलं नाही. सगळ्यांनी एकमेकांना आग्रह केला, मी आधी दमले, एवढंच.

गेल्या सुट्टीत एकदा अंधार असतानाच जावईबापू पाणी प्यायला आले आणि त्यांचा पाय माझ्या पायावर पडला. "माफ करा," ते म्हणाले, "मला वाटलं गाठोडं आहे." माणूस सज्जन आहे, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी तशीच पडून राहिले आणि मनात म्हटलं, गाठोडं माझ्यापेक्षा सुखी. त्याला लवकर उठावं लागत नाही. मला लागतं, कारण माझं अंथरूण गुंडाळल्याशिवाय शेगडीपर्यंत कोणाला पोचता येत नाही आणि घराला चहा मिळत नाही. वर्षभर लोकांच्या झोपेची सोय करायची आणि हक्काच्या सुट्टीत आपण फरशीवर. तेव्हाच ठरवलं. पुढच्या सुट्टीत मी माझ्या पलंगावर झोपणार, आणि आपोआप जाग येईपर्यंत झोपणार.

मग पहिलं काम केलं ते गादीचं. जुनी उसवली. वर्षातले थोडेच दिवस झोपणाऱ्या माणसाचा गादीत खड्डा पडत नाही असं आमच्या धंद्यात म्हणतात. वन्संचा पडला होता. कापूस नव्याने पिंजला, भरपूर भर घातली, टाके खोल घेतले, काठ उभे केले. मला टणक गादी लागते. झाली तशी.

सुट्टीला सगळ्यात आधी वन्संच येतात. त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे कॉल जोडून देण्यात जन्म घालवला. निवृत्त होऊनही बोलतात अशा, की जणू लाइन आता तुटेल. आल्या, पाणी प्यायल्या, आणि आपली बॅग माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवली. आत नाही. नेमकी उंबऱ्याशी.

"मी कुठेही पडेन, वहिनी. माझं काय. मला काहीही चालतं."

इथे मी म्हणायचं असतं, असं कसं वन्सं, तुम्ही आतच झोपा. त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

"बरं झालं," मी म्हटलं. "आतल्या पलंगावर मी झोपणारे. बाकी कुठेही पडा."

"काय म्हणालीस?"

"यंदा मी माझ्या पलंगावर झोपणार."

"झोप की. तुझाच तर आहे," असं म्हणून वन्सं फोन घेऊन गॅलरीत गेल्या. आवाज त्यांचा खणखणीत, त्यात गॅलरी आणि माझी खोली यांच्यात एक पातळ पडदा. "कुठवर आलास? लवकर ये. तुझ्या आईला काहीतरी झालंय. नाही, पडली नाही. बोलतेय. तेच तर सांगतेय, बोलतेय."

मुलगा विमा कंपनीत आहे. कुठे काय बिघडू शकतं हे बघायचा त्याला पगार मिळतो आणि घरीही तो ते फुकट बघतो. जिना चढून आला तो बूट न काढता माझ्यासमोर बसला. मागून सूनबाई आली. ती नर्स. तिने बॅग उघडून आधी रक्तदाबाचं यंत्र काढलं.

"आई, हात द्या बघू."

"कशाला?"

"सहज."

"सहज कोणी दंडाला पट्टा बांधतं का?"

तिने बांधलाच. फुगा दाबला, काटा बघितला, पुन्हा दाबला. "माझ्यापेक्षा चांगलं आहे," ती म्हणाली. तिची जरा निराशाच झालेली दिसली.

"आई," मुलगा म्हणाला, "कोणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"म्हणजे बोललं. आत्या काही बोलली?"

"आत्या म्हणाली तिला काहीही चालतं."

"मग झालं तर. म्हणजे तिला पलंग हवाय."

"तसं तिने म्हणावं."

"असं कोण म्हणतं, आई?"

"मी म्हणतेय. मला माझा पलंग हवाय."

मुलाने सुनेकडे बघितलं. सुनेने यंत्राकडे बघितलं. मग मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "तू घर विकायचा वगैरे विचार करत नाहीयेस ना?"

"पलंगावर झोपायचा विचार करतेय."

"त्याच्यामागे काय आहे?"

"भिंत आहे," मी म्हटलं, आणि भाजी चिरायला उठले.

तेवढ्यात माझी मुलगी, धाकटी, आणि जावई आले. धाकटीला वाटेतच फोन गेला असणार, कारण ती आली ती डोळे पुसतच. मला मिठी मारून म्हणाली, "आई, तू आजारी आहेस आणि आम्हाला सांगत नाहीस."

"मला झोप हवीय आणि सगळ्यांना सांगतेय."

"असं तुटक नको ना बोलूस."

"आई म्हणतायत तर झोपू दे की त्यांना," जावईबापू म्हणाले. ते लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतात, दिवसभर बंद पडलेल्या गोष्टींबरोबर असतात, त्यामुळे कमी बोलतात. सगळ्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की ते दुकानाच्या शटरला तेल घालायला खाली निघून गेले.

दुपारभर अंथरुणं घरात हिंडली. धाकटी म्हणाली, लहान खोली आत्याला देऊ, आम्ही हॉलमध्ये पडू. वन्सं म्हणाल्या, जावयाला खाली झोपवायचं? मी जिवंत असताना? मुलगा म्हणाला, मग सोफा आत्याला, आम्ही खाली. वन्सं म्हणाल्या, सूनबाई रात्रपाळ्या करून आलीय, तिला सोफ्यावरून उठवू? सूनबाई म्हणाली, मला काहीही चालतं. म्हणताना तिचा हात सोफ्याच्या पाठीवर होता आणि तो तिने काढला नाही. जावई खालून तेलकट हातांनी येऊन म्हणाले, मलाही काहीही चालतं, आणि साबण शोधत परत गेले. उश्या या खोलीतून त्या खोलीत गेल्या. माझी उशी कोणीतरी सवयीने उचलून स्वयंपाकघरात ठेवली. मी ती परत नेली. थोड्या वेळाने ती पुन्हा स्वयंपाकघरात. मी पुन्हा नेली, आणि या वेळी तिच्यावर बसले.

"आई, तू सिरियस आहेस," धाकटी दारातून म्हणाली.

"सकाळपासून."

"आत्याला किती वाईट वाटलंय माहितेय?"

"काय वाईट वाटलंय ते तिने मला सांगावं. मी इथेच आहे. उशीवर."

मला वाटत होतं की माझं मन घट्ट आहे. तसं ते नव्हतं. दर वेळी कोणी उसासा टाकला की जिभेवर यायचं, जाऊ दे, घ्या पलंग, माझं काय. हे वाक्य मी इतकी वर्षं बोलले होते की ते आपल्या पायांनी चालत यायचं. मी त्याला दाताआड धरून ठेवलं.

दिवेलागणीला वन्संनी शेवटचा डाव टाकला. आपली चादर काखेत घेतली, स्वयंपाकघरात आल्या, आणि मी पोळ्यांची कणीक मळत असताना ओट्याखालच्या फरशीवर, बरोबर माझ्या दरवर्षीच्या जागी, चादर अंथरून बसल्या.

"मी इथे झोपेन," त्या म्हणाल्या. "तू इतकी वर्षं झोपलीस, मला काय धाड भरलीय."

"झोपा की."

"झोपेनच."

मुलगा दारात आला, हबकला. "आत्या, ऊठ. फरशी गार आहे. उद्या काही झालं तर?"

"मला इथेच बरं वाटतंय."

धाकटी आली, ती म्हणाली, "आत्या, माझी शपथ." आत्या म्हणाली, "शपथा कसल्या घालतेस, मी काय चोरी केलीय?" सूनबाई आली आणि यंत्र घेऊन आली, पण या वेळी वन्संनी दंड दिला नाही.

स्वयंपाक तर व्हायलाच हवा होता. तो वन्संच्या आजूबाजूने झाला. डबे त्यांच्या डोक्यावरून गेले. धाकटीने त्यांच्या पायांना वळसा घालून पाणी भरलं. नातवंडांना ही जागा फार आवडली, ती येऊन त्यांच्या मांडीवर बसून गेली. भाजी झाली, पोळ्या होत आल्या, तरी वन्सं हलेनात. सगळ्यांना वाटलं, काय हा हट्ट. मी पोळी लाटता लाटता बघत होते. त्यांनी एकदा हात फरशीवर टेकला आणि काढून घेतला. मग दुसरा टेकला. मग कपाटाची कड पकडली, सोडली, आणि पदराने कपाळ पुसलं. तो हट्ट नव्हता. त्यांना उठता येत नव्हतं.

त्यांचे गुडघे कामातून गेलेत हे मला माहीत होतं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत, पण जिन्यावरचा आवाज काय मला ऐकू येत नाही? बसताना रागाच्या भरात बसल्या होत्या. आता उठायला राग पुरत नव्हता, आणि हात मागणं आमच्या घरात बसत नाही.

दर वर्षीची मी असते तर गॅस बंद करून धावले असते. चला वन्सं, माझ्याच पलंगावर आडव्या व्हा, असं म्हणाले असते. आणि ते सगळं जिथल्या तिथे परत गेलं असतं, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. मी तवा उतरवला, पोरांना बाहेर पिटाळलं आणि वन्संच्या शेजारी फरशीवर बसले.

"पोळ्या?" त्या म्हणाल्या.

"होतील."

"काही बोलायचंय का तुला?"

"नाही. तुम्हाला आहे."

वन्सं समोरच्या डब्यांकडे बघत राहिल्या. "तुझे डबे पुसायला झालेत," त्या म्हणाल्या.

"पुसते. पण तुम्हाला उठता येत नाहीये."

"कोण म्हणतं?"

"उठून दाखवा मग."

त्या उठल्या नाहीत. बाहेर हॉलमध्ये मुलगा जावयांना सोफा देऊ करत होता आणि जावई तो मुलाला परत करत होते.

"मी हात द्यायला तयार आहे," मी म्हटलं. "पण मागा. नुसतं, हात दे, एवढं म्हणा. मी काही तुमच्या मनातलं ओळखून आता उठणार नाही. ओळखून ओळखून मी थकले, वन्सं."

"दादांनी मला असं कधी म्हणायला लावलं नाही." दादा म्हणजे माझा नवरा, यांचा मोठा भाऊ.

"तुमच्या दादांनी मला फरशीवर झोपवलं. स्वतः दुकानात झोपायचे, गिऱ्हाइकाच्या गादीवर."

वन्संना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घालवलं.  मी उठले नाही. मला उठावंसं वाटत होतं, पोळ्यांचं पीठ वाळत होतं, पण मी उठले नाही.

"हात दे," वन्सं म्हणाल्या. लाइन तुटण्याआधी बोलावं तसं, एका दमात. "हात दे, आणि मला खाली झोपवत नाही. पलंगच लागतो मला. सोफाही नको, फार खाली आहे."

"कुठला पलंग?"

"कुठलाही. तुझा सोडून."

"माझा सोडून?"

"दुपारी तू खाली गेलीस तेव्हा पडून बघितलं मी. गादी केलीयस की पाटा? हाडं वाजली माझी. तिच्यावर झोपायला मला कोणी पलंगासकट बक्षीस दिलं तरी नको."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग सकाळपासून हे सगळं?"

"सकाळी कुठे माहीत होतं. आणि दुपारी कळलं तेव्हा नको कसं म्हणू? म्हणजे मला हवा होता असं झालं असतं."

मी हात दिला. पण आता मीही बसलेली, आणि दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईची कंबर खाली गेली की वर यायला वेळ घेते. मी त्यांना ओढलं, त्यांनी मला ओढलं, आणि दोघी जिथे होतो तिथेच राहिलो.

"जावईबापू," मी हाक मारली, "जरा हात द्या."

जावई दारात आले. आम्हा दोघींकडे त्यांनी कामावरच्या नजरेने बघितलं. "आधी कोण?" त्यांनी विचारलं.

"वजन बघून ठरवा," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी वन्संना काखेखाली धरून एका झटक्यात उभं केलं, मग मला. आणि बाही खाली ओढत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आपणहून स्वतःबद्दल बोलले. "आई, एक बोलू? लहान खोलीतला पलंग आत्यांना द्या. मला पलंगावर झोपच येत नाही. घरी मी चटईवरच झोपतो. इथे तुम्ही जावई म्हणून पलंग देता, म्हणून मी त्याच्यावर जागा असतो."

"लग्नापासून?" मी विचारलं.

"लग्नापासून."

धाकटी मागे उभी होती. "मला वाटायचं तुम्ही माझ्या माहेरी खूश नाही," ती म्हणाली, "म्हणून रात्रभर कूस बदलता."

मग काय, बांध फुटला. जेवताना ज्याला त्याला बोलायचं होतं. सूनबाई म्हणाली, तिला सोफा हवाय, पण सगळा, पाय पसरून, आणि त्याच्यावर तिच्या नवऱ्याशिवाय. "हे घोरतात. वॉर्डात घोरतात ते पेशंट असतात, त्यांचं मला चालतं." मुलगा म्हणाला, मी घोरत नाही. जावई, वन्सं, धाकटी आणि मोठी नात, चौघांनी एकदम सूनबाईच्या बाजूने मान हलवली.

धाकटी माझ्याजवळ सरकली. "आई, मग मी तुझ्याजवळ झोपू? खरंच मागतेय मी. मनापासून."

"नाही."

"आई?"

"तू लाथा मारतेस. लहानपणीही मारायचीस. आत्याजवळ झोप, तिचे गुडघे सांभाळ."

"पण मी मागितलं ना."

"मागितलंस, छान केलंस. मी नाही म्हटलं, तेही छान केलं."

मुलगा ताटात बोटं फिरवत हिशेब लावत होता. पलंग आईचा. दुसरा पलंग आत्या आणि धाकटीचा. सोफा बायकोचा. हॉलची फरशी जावयांची, आणि नातवंडं त्यांच्या भोवती आधीच चादरी ओढायला लागलेली. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे स्वयंपाकघर मला?"

सूनबाईने त्याला आणखी एक पोळी वाढली.

"मला स्वयंपाकघरात झोपायचं नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी सरळ सांगितलं असेल. "मला ते नको. फरशी गार असते, नळ गळतो, आणि सकाळी सगळे अंगावरून जातात."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "अगदी तसंच असतं."

"मग?"

"मग गादी देते तुला खालून. नळाखाली वाटी ठेव."

तो वन्संकडे वळला, की आत्या तरी म्हणेल, असं कसं. वन्संनी ताटलीतला शेवटचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मला हवा होता." मांजर टेबलाखालून बघत राहिलं.

मी आवराआवर कोणाला सांगितली नाही. मला करायची नाही, एवढंच सांगितलं, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. गादी चांगली टणक लागली. बाहेर भांडी कोण घासणार यावरून तंटा चालला होता. "मी घासणार नाही," असं सूनबाई म्हणत होती, आणि ते ती फार गोड म्हणत होती.

सकाळी मला जाग आली ती चांगली उन्हं वर आल्यावर. आपोआप आली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज, मुलाची कुरकुर, जावयांचा घोगरा आवाज, "चहा मला आधी हवाय." त्यावर वन्संचं, "रांगेत या." मग धाकटी दाराबाहेर येऊन हळूच म्हणाली, "आई, उठलीस का? साखर कुठे आहे?"

साखर नेहमीच्या डब्यात होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि दुसऱ्या कुशीवर वळले.